सफाईच्या आधीचे चित्र

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच अकादमिक चित्रकारांशी मराठी वाचकाची गाठ पडते ती बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी कथेत. मोने, रन्वार, पिसारो या इम्प्रेशनिस्ट, म्हणजे मोकळ्या फटकाऱ्यांनी क्षणाचा उजेड पकडणाऱ्या, चित्रकारांच्या धडपडीची हकिकत सांगताना वाटेतला अडथळा म्हणून बूगरो, कबानेल, जेरोम ही नावे येतात, त्यांच्या वाट्याला दोन-चार कठोर विशेषणे येतात आणि हकिकत पुढे सरकते. ही हकिकत खोटी आहे असे मी म्हणत नाही. १८६३ साली पॅरिसच्या सालों या सरकारी प्रदर्शनाच्या निवड समितीने आलेल्या कामांपैकी निम्म्याहून अधिक नाकारली, तेव्हा एवढा गहजब झाला की सम्राट तिसऱ्या नेपोलियनला नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवू द्यावे लागले. एदुआर माने या चित्रकाराचे ‘गवतावरचे भोजन’ लोकांनी पाहिले ते तिथे. मुख्य प्रदर्शनातले कबानेलचे ‘व्हीनसचा जन्म’ मात्र त्याच वर्षी खुद्द सम्राटाने विकत घेतले. पुढे चित्रकार कायबोतने आपला इम्प्रेशनिस्ट चित्रांचा संग्रह मृत्युपत्राने सरकारला दिला, तेव्हा १८९४ मध्ये जेरोमने त्याला जाहीर विरोध केला. हे सगळे त्यांच्या नावावर जमा आहेच. पण ज्यांनी असे केले त्यांना चित्रात नेमके काय हवे होते, याची चौकशी या हकिकतीत कोणी करत नाही.

दुसऱ्या बाजूला या चित्रांचे चाहतेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. ठाण्यातल्या आमच्या चित्रकलेच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आठवड्यातून एकदा तरी बूगरोची एखादी मेंढपाळ मुलगी किंवा अप्सरा येते, आणि खाली ‘काय फिनिशिंग आहे!’, ‘अगदी फोटोसारखे!’ अशी दाद उमटते. नावे ठेवणारे आणि वाहवा करणारे, दोघेही एकाच गोष्टीकडे पाहत असतात हे मला फार दिवसांपासून जाणवते आहे. ती गोष्ट म्हणजे चित्राची शेवटची सफाई, जिच्यात कुंचल्याचा एकही फटकारा दिसत नाही. पहिल्यांना ती निर्जीव वाटते, दुसऱ्यांना चमत्कार वाटते. मला असे वाटते की सफाई हा या परंपरेचा सर्वांत शेवटचा आणि मूल्याच्या दृष्टीने सर्वांत खालचा टप्पा होता. या परंपरेचे खरे सामर्थ्य सफाईच्या कितीतरी आधी, रेखनात आणि रचनेत पणाला लागलेले असे. या चित्रकारांचे काय साधले आणि काय फसले हेही तिथेच पाहिले पाहिजे.

याचा सर्वांत ठळक पुरावा त्यांच्या शिक्षणपद्धतीत आहे. फ्रान्समध्ये चित्र-शिल्पाची शाही अकादमी १६४८ साली स्थापन झाली. राज्यक्रांतीत ती बरखास्त झाली आणि नंतर नव्या नावाने उभी राहिली. तिच्या छत्राखाली चालणारी पॅरिसची एकोल दे बोझार ही युरोपातली सर्वांत मानाची कलाशाळा. देशोदेशीचे विद्यार्थी जिथे चित्रकार होण्यासाठी येत, त्या शाळेत १८६३ च्या सुधारणांपर्यंत रंगकाम शिकवलेच जात नसे. शिकवत ते रेखन. रंग कसे लावायचे हे विद्यार्थ्याने एखाद्या नामवंत चित्रकाराच्या खासगी कार्यशाळेत जाऊन शिकायचे. १८६३ च्या हुकुमानंतर शाळेतच रंगकामाच्या तीन कार्यशाळा सुरू झाल्या आणि त्यांपैकी दोन कबानेल व जेरोम यांच्याकडे सोपवल्या गेल्या. रेखन म्हणजे कलेचा प्रामाणिकपणा, असे याच परंपरेतला चित्रकार अँग्र म्हणत असे. त्या वाक्याच्या मागे अशी संपूर्ण संस्था उभी होती.

रेखनाची पायरीही ठरलेली होती. आधी छापील चित्रांवरून नकला करायच्या, मग ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून काढायच्या, आणि हे पचल्यावर जिवंत मॉडेल. या पहिल्या दोन पायऱ्यांसाठी जेरोमच्या सहकार्याने शार्ल बार्ग याने एक अभ्यासक्रम तयार केला आणि गुपिल या प्रकाशकाने तो १८६६ ते १८७१ या काळात छापला. त्यात १९७ शिळाछापी पाने आहेत: ७० प्रतिकृतींवरून, ६७ जुन्या थोर चित्रकारांच्या कामांवरून आणि ६० पुरुषदेहाची रेखाचित्रे. अकादमीच्या शिस्तीशी ज्याचा काडीचाही संबंध नव्हता असे आपण समजतो, त्या व्हॅन गॉगने १८८०-८१ च्या सुमारास ही पाने मन लावून नकलून काढली आणि मृत्यूच्या वर्षी, १८९० मध्ये, तो पुन्हा त्यांच्याकडे वळला.

नौपाड्यातल्या आमच्या रविवारच्या वर्गात सध्या याच मालिकेतले पावलाचे पान चालू आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते. पानावर दोन आकृत्या असतात. एकीत पाऊल फक्त सरळ रेषांनी बांधलेले असते, दुसरीत तेच पाऊल छायाप्रकाशासह पुरे झालेले. आम्ही हे पान ड्रॉइंग बोर्डवर डावीकडे लावतो आणि उजवीकडे त्याच मापाचा कोरा कागद. दोऱ्याला एक जड नट बांधून ओळंबा केलेला आहे. तो हातात धरून दोन-तीन पावले मागे जायचे, घोट्याचे हाड कोणत्या उभ्या रेषेवर येते आणि करंगळी तिच्या किती डावीकडे आहे हे पाहायचे, ते डोळ्यांत धरून पुढे यायचे आणि एकच खूण करायची. गोलाई काढायला मनाई असते. टाचेचा वळसा चार सरळ तुकड्यांत बांधावा लागतो, आणि प्रत्येक तुकड्याचा कोन बरोबर आहे की नाही हे पुन्हा मागे जाऊन तपासावे लागते. त्यानंतर सावलीची हद्द आखायची आणि सावलीचा सगळा भाग एकाच सपाट छटेने भरायचा. आत काय दिसते आहे याचा मोह आवरायचा. एवढे झाले की कागदावर फक्त दोन छटा असतात, उजेड आणि सावली, आणि तरीही पाऊल जमिनीवर टेकलेले दिसू लागते. मधल्या छटा आणि कडांचा मऊपणा यांचे काम त्यानंतरचे. गवयाने पहाटे खर्ज लावून बसावे तसे हे काम आहे, बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच घडताना दिसत नाही. पण ज्या क्षणी दोन छटांत पाऊल उभे राहते, त्या क्षणी मला कळते की सफाईने पुढे जे काही होणार आहे ते या पायावरच होणार आहे आणि पाया चुकला असेल तर कितीही घोटले तरी तो सावरणार नाही.

हीच क्रमवारी अकादमीच्या सर्वोच्च परीक्षेतही होती. प्री द रोम ही स्पर्धा जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने रोमच्या व्हिला मेडिचीत काही वर्षे राहून अभ्यास करता येत असे. अँग्रला तो मान १८०१ मध्ये मिळाला, बूगरोला १८५० मध्ये. पहिली चाळणी असे ती एका दिवसात करायच्या रंगीत कच्च्या आराखड्याची, दुसरी मॉडेलवरून रंगवलेल्या देहाची. त्यातून निवडलेले दहा जण अंतिम फेरीसाठी एकेका बंद खोलीत ७२ दिवस बसत. दिलेल्या विषयाचा आराखडा आरंभीच करून द्यायचा आणि अंतिम चित्रात त्या रचनेपासून ढळायचे नाही, असा नियम होता. चित्राचा विचार आधी पुरा झाला पाहिजे आणि हाताचे काम त्याच्या मागोमाग आले पाहिजे, ही धारणा त्या नियमातून स्पष्ट दिसते. त्या काळचे हे छोटे आराखडे आज पाहिले तर थक्क व्हायला होते. त्यांत रंगाचे जाड, मोकळे ठिपके आहेत, चेहऱ्यांना डोळे नाहीत, पण कोण कोणाकडे वळला आहे, उजेड कुठून कुठे वाहतो आहे, गर्दीत रिकामी जागा कुठे सोडली आहे, हे सगळे ठरलेले आहे. ज्या मोकळ्या कुंचल्यासाठी आपण इम्प्रेशनिस्टांना डोक्यावर घेतो, तो अकादमीच्या माणसांना चांगला येत होता. भांडण होते ते अशा अवस्थेतले चित्र पुरे झाले म्हणून लोकांपुढे मांडावे की नाही यावर. मोने आणि रन्वार ग्लेअरच्या कार्यशाळेत शिकले, माने सहा वर्षे कुत्युरच्या हाताखाली होता, एदगार दगा या चित्रकाराचा गुरू अँग्रचा शिष्य होता. घर एकच होते, म्हणूनच भांडण इतके कडवट झाले असावे.

विषयांच्या उतरंडीबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. आंद्रे फेलिबियाँने सतराव्या शतकात मांडलेली ही उतरंड एकोणिसाव्या शतकातही टिकून होती: सर्वांत वर इतिहास, पुराण आणि धर्म यांतले प्रसंग, त्याखाली व्यक्तिचित्र, मग दैनंदिन जीवन, निसर्गदृश्य आणि सर्वांत खाली स्थिरचित्र. आज ती हास्यास्पद वाटते आणि तिच्यामुळे पुष्कळ चांगल्या चित्रकारांवर अन्याय झाला हेही खरे. पण तिच्यामागचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. फळे समोर ठेवून काढता येतात. सीझरचा खून समोर ठेवता येत नाही. तो वाचून, कल्पून, बांधून काढावा लागतो, आणि म्हणून तिथे चित्रकाराच्या बुद्धीचा कस लागतो, अशी ती समजूत होती.

पॉल दलारोशचे ‘लेडी जेन ग्रेचा शिरच्छेद’ हे १८३३ चे चित्र घ्या. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले हे चित्र जवळजवळ तीन मीटर रुंद आहे. इंग्लंडची नऊ दिवसांची राणी ठरलेली ही मुलगी पांढऱ्या सॅटिनच्या वस्त्रात, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, हात पुढे करून ओंडका चाचपडते आहे, आणि एक वयस्क अधिकारी तिला हळूच पुढे नेतो आहे. ओंडक्याभोवती पेंढा पसरला आहे. इतिहास असा आहे की फेब्रुवारी १५५४ मध्ये तिचा वध लंडनच्या टॉवरच्या आवारात, उघड्यावर झाला. दलारोशने ती जागा बदलून काळोखी दालन केले. पोशाखाच्या, लाकडाच्या, पेंढ्याच्या बाबतीत एवढी काटेकोर असलेली ही चित्रपरंपरा घटनास्थळच बदलते, याचे कारण रचनेत आहे. मागचा अंधार नसता तर पांढऱ्या वस्त्राचा तो एकटा उजेड तयार झाला नसता आणि आपली नजर त्या चाचपडणाऱ्या बोटांवर जाऊन थांबली नसती. इथे सफाई रचनेच्या सेवेत आहे: कुंचल्याचा फटकारा दिसला असता तर आपल्याला चित्रकार आठवला असता, आणि दलारोशला आपण फक्त त्या मुलीपाशी थांबायला हवे आहोत. १९२८ च्या थेम्सच्या पुरात हे चित्र नष्ट झाले असे समजले जात होते. १९७३ मध्ये ते गुंडाळलेले आणि जवळजवळ धड असे सापडले. चित्र नाहीसे झाले होते त्या साऱ्या वर्षांत फारसे कोणी त्याच्यासाठी हळहळलेही नाही, यावरून या परंपरेची किंमत किती घसरली होती याची कल्पना येते.

दलारोशचा शिष्य जेरोम. त्याचे ‘सीझरचा मृत्यू’ बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे, आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोठे करून पाहता येते. या विषयावर कोणी चित्र काढायचे ठरवले तर उगारलेले खंजीर आणि कोसळणारा सीझर हेच डोळ्यांसमोर येईल. जेरोमने तो क्षण उलटून जाऊ दिला. डावीकडे खाली, पाँपीच्या पुतळ्यापाशी, प्रेत पडले आहे, इतके कोपऱ्यात की पहिल्या नजरेत ते सुटूही शकेल. मारेकरी शस्त्रे उंचावत पाठमोरे निघून चालले आहेत. मधे आहे तो रिकामा फरसबंद मजला, उलटी झालेली आसने, आणि दूर रिकाम्या बाकांच्या रांगांत बसून राहिलेला एकटाच लठ्ठ सदस्य. चित्राचा सर्वांत मोठा भाग रिकामा ठेवण्याचे हे धाडस आराखड्याच्या पातळीवरचे आहे. ते हातभर कागदावर कोळशाच्या चार रेघांतही तितकेच जाणवले असते. १८५७ च्या ‘मुखवट्यांच्या नाचानंतरचे द्वंद्व’मध्येही त्याने हेच केले होते: तलवारी चालून झाल्या आहेत, विदूषकाच्या पांढऱ्या पोशाखातला तरुण बर्फात प्राण सोडतो आहे आणि जिंकणारा पाठ फिरवून निघाला आहे.

आणि याच जेरोमचे ‘गारुडी’ हे चित्र, साधारण १८७९ चे, मला मान्य करता येत नाही. निळ्या फरशांच्या भिंतीपुढे एक नग्न मुलगा अंगाभोवती अजगर गुंडाळून उभा आहे, आणि भिंतीला टेकून बसलेली पौर्वात्य माणसे ते पाहत आहेत. फरशा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यावरून बेतलेल्या आहेत. प्रसंग तिथला नाही, माणसे आणि पोशाख निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेले आहेत. कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी १९८३ मध्ये या चित्राबद्दल जो मुद्दा मांडला तो मला पटतो: चित्रकाराचा हात कुठेच दिसत नसल्यामुळे बनवलेला प्रसंग प्रत्यक्ष पाहिलेल्या पुराव्यासारखा समोर येतो. सीझरच्या चित्रात जी सफाई कथेला वाट करून देते, तीच इथे खोट्याला साक्षीदार मिळवून देते. दोन्ही चित्रांतले कौशल्य एकाच तोलाचे आहे. म्हणूनच, नुसत्या कौशल्यावर भाळणे किंवा नुसत्या कौशल्यावर चिडणे, दोन्ही मला अपुरे वाटते.

कबानेलच्या व्हीनसचे अपयश वेगळ्या जातीचे आहे. लाटेवर पहुडलेल्या त्या देवीचा देह हाडामांसाचा नसून गुलाबी-पांढऱ्या बदामाच्या लगद्याचा आहे, अशा अर्थाची कादंबरीकार एमिल झोलाची टीका प्रसिद्ध आहे. टीका जिव्हारी लागणारी आहे आणि बरोबर आहे. तिथे रचनेला काही सांगायचे नव्हते. पुराणाचे नाव केवळ परवाना म्हणून घेतले होते. सालोंच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत चित्रांनी भरलेल्या असत, त्या गर्दीत नजर वेधायची, सरकारची किंवा धनिकांची खरेदी मिळवायची, आणि चित्रावर किती श्रम झाले आहेत हे खरेदीदाराला सहज दिसावे, या सगळ्याने सफाईचा भाव चढत गेला. खालच्या पायरीची गोष्ट बाजाराने वरच्या पायरीवर नेऊन बसवली, असे मी म्हणेन.

बूगरोकडे आता पुन्हा येते, कारण ‘फोटोसारखे’ ही दाद त्याच्यावर सर्वाधिक उधळली जाते आणि त्याच्या बाबतीत ती सर्वाधिक चुकीची आहे. त्याचे १८७३ चे ‘अप्सरा आणि सॅटर’ पाहा. चार अप्सरा एका बोकडपायी वनपुरुषाला ओढत पाण्याकडे नेत आहेत आणि तो खूर रोवून मागे रेलला आहे. ओढणारे हात, वळलेल्या पाठी, मागे मैत्रिणींना हाक मारायला उंचावलेला बाहू, हे सगळे मिळून एक फिरते चक्र तयार होते. एका देहाचा ताण दुसऱ्यात जातो आणि कुठेही तुटत नाही. असा क्षण कोणत्याही छायाचित्रात सापडणार नाही, कारण तो कधी घडलाच नव्हता. बूगरो आधी संपूर्ण रचनेचे आराखडे करी, मग एकेक देह, हात, वस्त्राची चुणी यांचे वेगवेगळे अभ्यास करी आणि ते सगळे एका प्रकाशात आणून बसवी. आयुष्यात त्याने ८०० हून अधिक चित्रे पुरी केली. त्यांतल्या गरीब मुलींच्या पायांना धूळही लागलेली नसते, हा आक्षेप मला मान्य आहे. दारिद्र्याचे ते गोंडस रूप मला बघवत नाही. पण देह एकमेकांत गुंफण्याची त्याची विद्या अस्सल होती.

आपल्याला ही चित्रे चटकन आपली वाटतात याचे कारण आपल्या घरांतच आहे. राजा रविवर्म्याच्या शिळाछापी लक्ष्मी-सरस्वती मुंबईतल्या आणि नंतर मळवलीच्या छापखान्यातून घराघरांत गेल्या. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून धुरंधर, हळदणकर यांच्यासारखे चित्रकार घडले. त्या शाळेचा वळसा इंग्लंडमार्गे होता, थेट पॅरिसचा नव्हे, तरी प्लास्टरच्या प्रतिकृती, मॉडेल, इतिहास-पुराणातले प्रसंग ही शिदोरी तीच. महादेव विश्वनाथ धुरंधरांचा शिवराज्याभिषेक ज्याने पाहिला आहे, त्याला फ्रेंच इतिहासचित्राची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही.

शिदोरीतले काय उरले, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की ठाण्यातले चित्रकलेचे वर्ग मुलांनी ओसंडून वाहतात. दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांची घाई समजते. पण स्थिरचित्रात मूल आधी काय करते, तर तांब्याच्या एका कडेपासून पेन्सिल घोटायला लागते; कापसाने, बोटाने, स्टम्पने चकाकी आणते, आणि शेवटी लक्षात येते की तांब्या कलंडला आहे आणि शेजारचे केळे कागदात मावत नाही. स्मरणचित्रात तर ‘बसस्टॉप’ किंवा ‘बाजार’ ही पाठ केलेली रचना उतरवली जाते आणि सगळा वेळ रंग गुळगुळीत करण्यात जातो. अकादमीने जे शेवटी ठेवले होते ते आपण पहिल्यांदा शिकवतो, आणि जे तिने पहिल्या दिवशी, रंगाला हातही लावू न देता, शिकवले ते आपल्या वर्गात बहुधा शिकवलेच जात नाही.

म्हणून पुढच्या सत्रापासून आमच्या वर्गात स्मरणचित्राचा सराव वेगळ्या रीतीने घ्यायचा, असे सरांनी आणि मी ठरवले आहे. मुलाने आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर एकाच विषयाचे तीन आराखडे काढायचे, फक्त उजेड आणि सावली अशा दोन छटांत. त्यांतला एक निवडायचा आणि तोच का, हे बाकीच्यांसमोर उभे राहून सांगायचे. मग मोठा कागद मिळेल. पहिला विषय बाजाराचाच ठेवला आहे, पण बाजार उठून गेल्यानंतरचा: जांभळी नाक्यावरची मंडई, विक्रेते पाट्या उचलत आहेत, मधली जमीन रिकामी आहे. त्या दिवशी फळ्यावर ‘सीझरचा मृत्यू’ची मोठी छापील प्रत लावणार आहोत, आणि ते चित्र कशाचे आहे हे मुलांना सांगण्याआधी त्यातली रिकामी जागा कोणत्या आकाराची आहे, हे त्यांना कोळशाने काढायला सांगणार आहोत.